बेडकाच्या तंगड्या आणि बंदरावरचा कायदा

1950 च्या दशकापासून भारतातून बेडकाच्या तंगड्या गोठवून युरोप-अमेरिकेत जाऊ लागल्या. 1980 च्या दशकाच्या आरंभी ही निर्यात वर्षाला हजारो टनांवर गेली. पहिल्या पावसात पिवळेधमक झालेले नर ओरडू लागले की बत्तीच्या उजेडात डोळे दिपवून त्यांना पोत्यात भरायचे, मागच्या तंगड्या कापायच्या, धड फेकून द्यायचे. म्हणजे पकड नेमकी विणीच्या हंगामात. 1985 मध्ये हे बेडूक वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले आणि 1987 मध्ये भारताने निर्यातच थांबवली. ही बंदी लागू पडली, कारण सगळा माल गोठवण कारखाने आणि बंदरे यांतूनच जाई.

बंदीने गरिबाची कमाई बुडाली, हा आक्षेप खरा आहे. पण भातावरची कीड खाणारा प्राणी संपला, तर भुर्दंडही शेतकऱ्यालाच. व्यापार इंडोनेशियाकडे सरकला, हेही खरे. त्यावरून एवढेच दिसते की खाणाऱ्या देशांनीही हात आखडायला हवा होता. गोव्यात मात्र ‘जंपिंग चिकन’च्या नावाखाली बेडूक चोरून विकले जातात. शेतातून थेट ताटात जाणारा हा माल बंदरावर अडवता येत नाही. तो अडवणे खाणाऱ्याच्याच हाती आहे. पावसाळ्यात गोव्याला गेलात आणि कुणी तो वाढू लागला, तर नको म्हणा.