कॅन्सरची पेशी जागा कशी सोडते?

"गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो." या भीतीपोटी आपल्याकडे कितीतरी जण बायोप्सी लांबवतात. नीट आखून केलेल्या बायोप्सीमुळे कॅन्सर पसरणे फारच विरळ. तपासणीविना गेलेले महिने मात्र हमखास नुकसान करतात. मग तो पसरतो कसा? हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

1889 मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रोग वाटेल तिथे जात नव्हता, ठरावीक अवयवच धरत होता. बी कुठेही पडेल, पण रुजेल मानवणाऱ्या जमिनीतच, असे त्यांनी मांडले. येडगावच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको! पण बी मुळात सुटते कसे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

त्या उत्तराचा एक धागा 1993 मध्ये सापडला, तोही मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत. अमेरिकेतील व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी मायक्रोआरएनए हा इवलासा रेणू कसा काम करतो ते दाखवले (2024 चे नोबेल त्यासाठीच). कुकडीच्या कालव्याला पाणी सुटले, तरी पाटकऱ्याने चारीचे दार उघडले नाही तर रानात थेंब येत नाही. तसेच जनुकाने प्रथिन बनवायचा निरोप धाडला, तरी मायक्रोआरएनए तो वाटेत अडवू शकतो.

2008 मध्ये अनेक प्रयोगशाळांना दिसले की 'मिर-200' गटातले हे पाटकरी 'झेब' नावाच्या प्रथिनांना रोखून धरतात. ते कमी झाले की झेब वाढते, शेजारच्या पेशींना धरून ठेवणारा चिकटपणा जातो आणि पेशी रूप बदलून हिंडू लागते. नव्या जागी बस्तान बसवताना काही पेशी पुन्हा जुने रूप घेतात. ही लवचीकताच उपचाराला जड जाते.

असेच काम आपल्या खारघरलाही झाले. टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमाचा अभ्यास केला. हा लहान मेंदूचा कॅन्सर, मुख्यतः मुलांचा. त्याच्या चार प्रकारांपैकी 'डब्ल्यूएनटी' प्रकारातली मुले सर्वांत चांगली बरी होतात. या प्रकारात 'मिर-148ए' जास्त असतो. 2015 च्या शोधनिबंधात गटाने दाखवले, की तो या कॅन्सरच्या इतर पेशींत वाढवला तर 'न्यूरोपिलिन 1' हे प्रथिन घटते आणि पेशींची आजूबाजूला घुसण्याची ताकद कमी होते. प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर होते, मुलांवर नव्हे, हे विसरू नका.

मायक्रोआरएनएचे औषध करणे सोपेही नाही. 'मिर-34' वर आधारित औषधाची माणसांवरील चाचणी प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे 2016 मध्ये थांबवावी लागली. त्यामुळे कॅन्सरवर 'मायक्रोआरएनएचा इलाज' म्हणून कोणी पैसे मागितले, तर आधी आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारा.

तपासणीत मात्र या रेणूंचा उपयोग दिसतो. ते इतके आखूड असतात की बायोप्सीचा तुकडा मेणात घालून ठेवला तरी बरेचसे टिकतात. अशा जुन्या ब्लॉकमधूनच मेड्युलोब्लास्टोमाचा प्रकार ओळखायची पद्धत याच गटाने 2013 मध्ये मांडली. म्हणून पुण्या-मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना कागदी रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या, आणि तिथे जमा केल्यावर पावती जपून ठेवा.