वरठ्याच्या घाटापासून यंत्राच्या पॅनेलपर्यंत

एखाद्या प्रदेशाचा इतिहास लिहिताना राजांच्या स्वाऱ्या, सुभ्यांची फेररचना आणि जमाबंदीचे आकडे यांना जे स्थान मिळते, ते त्या प्रदेशातील माणसे आपली वस्त्रे कोठे, कशाने आणि कोणाच्या हातून स्वच्छ करून घेत होती या प्रश्नाला क्वचितच मिळते. वस्तुतः या एका प्रश्नाच्या उत्तरात त्या प्रदेशाचे पाणी, तेथील श्रमाची वाटणी, जातींचे परस्परसंबंध, पैशाचा प्रवेश आणि यंत्रविद्येचे आगमन या साऱ्यांचा वृत्तांत सामावलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या घरी धुलाईयंत्राचे पॅनेल अकस्मात मुके झाले, बटन दाबूनही दिवा लागेना, की घरातील मंडळींना तो त्या क्षणापुरता उपद्रव वाटतो. परंतु त्या पॅनेलमागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो जाणल्याखेरीज त्या मौनाचे कारण पुरतेपणी उमगत नाही.

1853 च्या तहाने निजामाच्या अमलातील वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. 1864 मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा स्वतंत्र जिल्हा होऊन तो पुढे वणी या नावाने दप्तरी नोंदला गेला, आणि 1905 च्या पुनर्रचनेत पुसद तालुका त्यास जोडला जाऊन आजचे यवतमाळ हे नाव रूढ झाले. ईशान्येस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा अशा दोन मोठ्या नद्यांनी जिल्ह्याच्या सीमा आखलेल्या असल्या, आणि बेंबळा, अडाण, अरुणावती व पूस या नद्या त्याच्या अंतर्भागातून वाहत असल्या, तरी खुद्द यवतमाळ शहर ज्या पठारावर वसले आहे तेथून पाणी चहूकडे निघून जाते, आणि चैत्र-वैशाखात काळ्या पाषाणातील ओढ्यांना डोहांपुरतेच पाणी उरते. गावाच्या धुण्याचा घाट अशा एखाद्या डोहाकाठी असे आणि त्या घाटावर वहिवाटीने वरठ्याचा हक्क असे.

अन्यत्र ज्यास परीट म्हणतात त्यास या मुलखात वरठी म्हणण्याची चाल आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातींच्या ग्रंथातही हे नाव धोब्याच्या प्रकरणात नमूद आहे. त्याच्या आदल्या वर्षी त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीची जी साद्यंत मांडणी केली, तीतही परीट हा गावाच्या व्यवहारातील एक आवश्यक घटक म्हणून आढळतो. कुणब्याच्या घरचे कपडे वर्षभर धुवावेत, लग्नात वधूवरांसाठी पायघड्या अंथराव्यात, बाळंतिणीची वस्त्रे स्वच्छ करावीत, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन ज्वारीचे बलुते घ्यावे, असा हा करार कोणत्याही कागदावर न लिहिता पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाई.

या व्यवसायात केवळ बाहुबळ पुरत नसे. त्यात पदार्थांचे व पाण्याचे सूक्ष्म ज्ञान होते. बेसाल्टाच्या भूमीतून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात आणि त्यामुळे फेस धरत नाही. म्हणून कोणते वस्त्र नदीच्या पाण्यात धुवावे आणि कोणते विहिरीवर आटोपावे याचा निर्णय वरठी अनुभवाने करी. खारी माती, राखेचे निवळलेले पाणी, रिठा आणि रानातल्या हिंगणबेटाचा गर ही त्याची मळ काढण्याची साधने होती. जाड सुती कपडे भट्टीला लावून वाफेवर मोकळे केले जात, रेशमी व रंगीत वस्त्रे भट्टीपासून दूर ठेवली जात, आणि अखेरीस नीळ व खळ देऊन इस्त्री होई. निरनिराळ्या घरांचे कपडे एकाच भट्टीत जात असल्यामुळे प्रत्येकाच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाने न पुसली जाणारी खूण केली जाई, आणि ही शेकडो खुणांची नोंदवही वरठी व त्याची कारभारीण यांच्या स्मरणात असे. कपड्यावर डाग कशाचा, तो कोणत्या उपायाने जाईल आणि कोणत्या उपायाने वस्त्रच जाईल, हे पाहताक्षणी सांगणारी ही निदानविद्या होती.

असे असूनही ज्या समाजाने या विद्येचा वर्षानुवर्षे उपभोग घेतला त्याने विद्येच्या धन्याला मानाचे आसन दिले नाही, हे सत्य स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. मळ ज्याने निर्माण केला तो शुद्ध आणि ज्याने धुवून काढला तो हीन, अशी ही विपरीत व्यवस्था होती. तिला सर्वांत समर्थ उत्तर वऱ्हाडातूनच मिळाले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 मध्ये परिटाच्या कुळात जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांनी 1905 मध्ये घर सोडले, हाती खराटा घेतला आणि गावोगाव दिवसा रस्ते झाडून रात्री कीर्तनातून अस्पृश्यता, कर्ज, व्यसन व पशुहत्या यांवर प्रहार केले. पुढे गाडगेबाबा म्हणून ओळखल्या गेलेल्या या डेबूजींनी धुण्या-झाडण्याच्या कर्माला धर्माचे अधिष्ठान दिले, आणि 1956 च्या डिसेंबरात त्यांचा देह पडला तोवर स्वच्छता करणारा हात वंदनीय आहे हा विचार वऱ्हाडाच्या घराघरांत पोहोचला होता. आज यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते त्यांचेच नाव धारण करते.

बलुत्याची ही व्यवस्था कोणा एका फर्मानाने मोडली नाही. कापसाने आणि रोख पैशाने ती झिजवली. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला, 1867 मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला, आणि यवतमाळचा कापूस गाड्यांतून धामणगाव स्टेशनावर जाऊ लागला. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे धावू लागली. ज्या वाटेने कापूस बाहेर गेला त्याच वाटेने गिरणीचे कापड आणि साबणाची वडी आत आली. सरकी काढण्याच्या व गाठी बांधण्याच्या कारखान्यांत रोजंदारी मिळू लागली तेव्हा खळ्यावरील ज्वारीपेक्षा हातातील नाणे अधिक भरवशाचे वाटू लागले, वरठ्याचे मुलगे शहरात लाँड्री उघडून बसले, आणि गावातील मध्यम घरांचे धुणे हळूहळू घरच्या स्त्रियांच्या अंगावर पडले. हा बदल इतिहासकारांनी फारसा टिपलेला नाही. एका जातीवरचा भार उतरला खरा, परंतु तो नाहीसा न होता विहिरीकाठच्या दगडावर, मोगरीसह, घरधनिणीच्या वाट्यास आला. 1959 मध्ये सर्फची पावडर आणि 1969 नंतर निरमा बाजारात आली, तेव्हा कठीण पाण्यातही फेस होऊ लागला आणि श्रम काहीसे हलके झाले. पण वाकलेली पाठ सरळ झाली नाही.

ती सरळ करण्याचे सामर्थ्य विजेत होते. कपडे धुण्याच्या यंत्राची कल्पना जुनी आहे: जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब श्याफर याने 1767 मध्ये हाताने फिरवावयाच्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले होते, आणि 1937 मध्ये अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने घरगुती स्वयंचलित यंत्र लोकांपुढे मांडले. आपल्याकडे हे यंत्र मध्यमवर्गाच्या आटोक्यात आले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत, आणि त्यात तेव्हाच्या औरंगाबादजवळील चितेगाव येथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनचा वाटा मोठा होता. यवतमाळसारख्या जिल्ह्यात प्रथम रुजले ते दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक यंत्र, आणि त्यास कारण होते. त्यात पाणी बादलीने ओतता येई, नळाला दाब असण्याची अट नव्हती, आणि त्याचा टायमर म्हणजे स्प्रिंग व दातेरी चाकांची साधी घडण असल्यामुळे वीज गेली तरी त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते; वीज आली की चकती पुन्हा फिरवून ते चालू करता येई. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिम विणले जाऊ लागले आणि जाड जीन्स तालुक्याच्या गावांतही नित्याची झाली, तसतशी या यंत्राची गरज वाढत गेली.

वीज या जिल्ह्याला परकी नाही. तिचे इंधन येथूनच जाते. वणी परिसरातील राजूर, घोन्सा येथील खाणींचा कोळसा हा विदर्भाच्या औष्णिक विजेच्या व्यवस्थेचा भाग आहे. तथापि 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने जे दीर्घ भारनियमन सोसले, त्यातून कोळशाची ही भूमीही सुटली नाही. पाण्याचीही अशीच कथा आहे. निळोणा व चापडोह या जलाशयांवर विसंबलेल्या यवतमाळ शहराने 2018 च्या उन्हाळ्यात अशी टंचाई पाहिली की नळाच्या एका पाळीसाठी नागरिकांना अनेक दिवस थांबावे लागले. नेमक्या याच काळात बाजारातून स्प्रिंगचा टायमर मागे पडला आणि त्याच्या जागी स्पर्शाने चालणाऱ्या बटनांचे, इलेक्ट्रॉनिक पाटीचे पूर्ण स्वयंचलित यंत्र घरोघरी आले.

या पॅनेलचे अंतरंग समजून घेणे अगत्याचे आहे. भिंतीतून येणारा 230 व्होल्टचा प्रवाह आतील पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पाटीवर, उतरवून अवघ्या काही व्होल्टचा केला जातो, आणि त्यावर चालणारी एक चिमुकली चिप दार लागले की नाही, पाणी किती चढले, ड्रम फिरतो की नाही याचे दाखले गोळा करून पुढचा हुकूम देते. दाखला न मिळाल्यास ती हुकूम रोखून धरते. म्हणून पॅनेल मुके झाले म्हणजे यंत्र मेलेच, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. प्रथम हे पाहावे की पॅनेल पूर्ण अंधारात आहे की दिवे लागूनही बटने प्रतिसाद देत नाहीत. कारण ही दोन भिन्न दुखणी आहेत. अंधार असेल तर त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून वीज येते का ते पाहावे, एमसीबी पडली आहे का ते तपासावे, आणि प्लग काळा पडला असल्यास तो बदलून घ्यावा. दिवे लागत असतील तर बहुधा चाइल्ड लॉक चालू झालेले असते. पुस्तिकेत सांगितलेली बटने काही सेकंद दाबून धरली की ते सुटते. दार नीट न मिटणे, नळाला दाब नसणे, पाणी आत घेणारी जाळी क्षारांनी व गाळाने बुजणे, यांमुळेही यंत्र अडून बसते, आणि पडद्यावर जी अक्षरे उमटतात त्यांचा अर्थ पुस्तिकेत दिलेला असतो. ओल्या हाताने बटने दाबल्याने किंवा पावसाळ्याच्या दमट हवेने पॅनेलमध्ये ओल शिरली असेल, तर प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसावे आणि हवा लागू द्यावी. चिप गोंधळली असेल तर प्लग काढून दहा मिनिटे थांबल्यास कॅपॅसिटरमधील साठलेला विद्युत्भार निघून जातो आणि ती पुन्हा प्रारंभापासून कामाला लागते.

एवढे करूनही मौन सुटले नाही, तर दोष आत आहे असे समजावे: उंदरांनी कुरतडलेली वायर, सैल झालेला कनेक्टर, किंवा जळालेली पाटी. विजेच्या दाबात सहा टक्क्यांपलीकडे फरक पडू नये असा दंडक 1956 च्या वीजनियमांनी घालून दिला होता. परंतु गेलेली वीज परत येतानाचा धक्का त्या दंडकाची पत्रास ठेवत नाही आणि नाजूक पाटी त्यास बळी पडते. म्हणून वीज जाताच प्लग काढणे, चांगला स्टॅबिलायझर बसविणे आणि अर्थिंग तपासून घेणे हे तीन उपाय या जिल्ह्यात चैनीचे नव्हेत, आवश्यक आहेत. यंत्राचे झाकण मात्र घरच्याने उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील भागांत धोकादायक विद्युत्भार काही काळ राहू शकतो.

येथे मेकॅनिकचा अधिकार सुरू होतो. डाग पाहून उपाय सांगणारा वरठी आणि मीटर लावून पाटीवरील नेमका जळालेला घटक दाखविणारा तालुक्याच्या गावातील तरुण कारागीर हे एकाच निदानविद्येचे वारस होत. परंतु वरठ्याला नदी, माती व रिठा यांवर कोणाची परवानगी लागत नव्हती. या तरुणाला सर्किटचा नकाशा मिळत नाही, सुटा भाग मिळत नाही, आणि पाच-पंचवीस रुपयांचा घटक बदलण्याऐवजी हजारोंची अख्खी पाटी बदलावी लागते. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ उघडले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. ते तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचविणे हे उरलेले काम आहे. उत्पादकांनी नकाशे व सुटे भाग खुले करावेत, जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी पाटीदुरुस्तीचे शिक्षण द्यावे, आणि आपण ग्राहकांनी मेकॅनिकची मजुरी घासाघीस न करता चुकती करावी. ज्या समाजाने वरठ्याच्या ज्ञानाचे मोल ज्वारीच्या चार पायल्यांत उरकले, त्याने ती चूक दुसऱ्यांदा करू नये.