अनुदान, नियम आणि मधला माणूस

सरकारी पैसा आला की त्याच्या मागोमाग हिशेब येतो, हे कळावयास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. परंतु तो हिशेब ठेवावयाचा कोणी, आणि ठेवणाऱ्याची मजुरी द्यावयाची कोणी, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. आम्ही कामगार चळवळीत वाढलो. त्यामुळे कोणत्याही मोठ्या कार्याचा इतिहास वाचताना आमची नजर प्रथम तेथे राबणाऱ्या हातांकडे जाते. अमेरिकेतील विद्यापीठीय संशोधनाचा इतिहास या नजरेने पाहिला, म्हणजे प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत कागदांच्या ढिगामागे बसलेला एक मनुष्य दिसू लागतो. सरकारचे बदलते नियम वाचून ते संशोधकाला समजावून देणे हे त्याचे काम. आपल्याकडील मुलेही त्या प्रयोगशाळांत शिकतात; त्यांचे विद्यावेतन पुष्कळदा याच अनुदानांवर अवलंबून असते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी, शेतकी संशोधन वगळले तर, तेथील विद्यापीठांना मध्यवर्ती सरकारचा पैसा थोडाच मिळे. युद्धाने ते चित्र पालटले. वॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना अहवाल सादर करून, शांततेच्या काळातही मूलभूत संशोधनाचा भार सरकारने उचलावा, असा आग्रह धरला. मे १९५० मध्ये ट्रूमन यांनी कायद्यावर सही केली व राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान जन्मास आले.

पैसा वाढला तसा तंटाही वाढला. संशोधकाचा पगार आणि काचेची उपकरणे यांचा खर्च सरळ दाखविता येतो. पण वीज, इमारत, ग्रंथालय, कारकून यांचा वाटा कसा काढावा? या वरकड खर्चाचे नियम सरकारच्या अंदाजपत्रक विभागाने १९५८ साली ए-२१ या परिपत्रकात घालून दिले. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, विद्यापीठांतील अनुदानांचे काम पाहणाऱ्यांनी आपली राष्ट्रीय परिषद स्थापन केली. ती कामगार संघटना नव्हे. परंतु एकट्याने परिपत्रक उलगडत बसण्यापेक्षा चौघांनी मिळून ते वाचावे, ही बुद्धी आमच्या ओळखीची आहे.

आता कोणी म्हणेल की हे नियम म्हणजे नुसता लाल फितीचा कारभार होय. तसे नाही. टस्कीगी येथे १९३२ पासून ४० वर्षे सरकारी आरोग्य खात्याने उपदंशाने ग्रासलेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना रोग काय आहे ते न सांगता, व उपाय हाती असूनही न देता, केवळ निरीक्षणाखाली ठेविले. हे १९७२ साली उघडकीस आले आणि १९७४ च्या कायद्याने माणसांवरील संशोधनास परीक्षण मंडळाची संमती आवश्यक ठरली. अशा नियमामागे माणसांचे हाल आहेत. आमच्या कारखाना कायद्यातील यंत्राला कुंपण घालण्याचे कलमही असेच कोणाच्या तरी तुटलेल्या बोटांतून आले आहे.

दुसरे उदाहरण निराळे आहे. १९९०-९१ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वरकड खर्चात एका क्रीडानौकेची घसाराही आढळली आणि देशभर गवगवा झाला. १९९४ साली तडजोड झाली, लबाडीचा दावा उरला नाही. तथापि १९९१ मध्येच सरकारने विद्यापीठांच्या प्रशासकीय खर्चावर २६ टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती कायम राहिली. येथेच खरी मेख आहे. नियम वाढत गेले, पण ते पाळण्याच्या मजुरीवर मर्यादा बसली. डिसेंबर २०१३ मध्ये आठ परिपत्रके एकत्र करून एकच नियमावली झाली. ती २०२० व २०२४ मध्ये पुन्हा सुधारली गेली. जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी संशोधनातील माहिती जतन करून इतरांस देण्याची योजना अर्जासोबत मागितली. प्रत्येक बदल वाचावयाचा, शिकवावयाचा, अंमलात आणावयाचा, तो त्याच हातांनी.

हे हात अपुरे पडले की काम संशोधकावर येते. २००५ व २०१२ च्या दोन पाहण्यांत संशोधकांनी सांगितले की, सरकारी अनुदानाच्या संशोधनासाठी असलेल्या वेळापैकी सुमारे ४२ टक्के वेळ अर्ज, अहवाल, परवानग्या यांत जातो. मोठे विद्यापीठ स्वतंत्र कचेरी ठेवू शकते. लहान महाविद्यालयातील अध्यापक मात्र दिवसा शिकवितो आणि रात्री नियमावली उलगडतो. नियम सर्वांस सारखा, पण तो वाचून देणारा माणूस सर्वांपाशी नाही. ही विषमता कोणत्याही कलमात लिहिलेली नसते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी वरकड खर्च सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. कित्येक विद्यापीठांचा ठरलेला दर ५० टक्क्यांहून अधिक होता. न्यायालयाने त्यास मनाई केली. मोठमोठ्या रकमांच्या या वादात त्या शेजारच्या खोलीतील माणसाचा पगारही त्याच वरकडीत मोजला जातो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी आली.

आम्ही नियमांचे वैरी नाही. कामगाराला जे काही मिळाले ते लेखी नियमानेच मिळाले. परंतु नियम करणाऱ्याने नवे कलम लिहिताना, ते पाळण्यास किती तास लागतील व त्या तासांचे वेतन कोठून येईल, हेही त्याच कागदावर लिहावे. एवढी मागणी न्याय्य आहे, मग तो कागद वॉशिंग्टनचा असो वा आपल्या नगरपालिकेचा.