देव्हाऱ्यातला पत्ता

आमच्या घरात पत्ते आणायला बंदी होती. पॅसेंजरमध्ये समोरच्यांनी मांडीवर रुमाल पसरून मेंढीकोटचा डाव मांडला, की वडील उठून दुसरीकडे जागा शोधायचे. ते कधी चिडले नाहीत, कुणाला काही बोलले नाहीत. फक्त उठायचे.

कारण आजोबा. एका आखाजीला ते तीन पत्तीत बैलजोडी हरले.

खान्देशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे हा सण दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आमरस-पुरणपोळी असते. आणि पुरुष पत्ते खेळायला बसतात. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माणूसही त्या दिवशी बसतो. सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं आणि नवं सुरू होतं. त्या वर्षी आखाजी संपली, आणि आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालदार म्हणून लागले. बैल नसलेल्या माणसाला स्वतःचं शेत करता येत नाही.

वडील तेव्हा आठ वर्षांचे होते. पुढे ते वरणगावच्या फॅक्टरीत लागले. आमच्या गावात नुसतं ‘फॅक्टरी’ म्हटलं की ऑर्डनन्स फॅक्टरीच, 1964 साली सुरू झालेली. पगार आला, घर झालं, पण पत्ते घरात आले नाहीत.

मी पहिला डाव खेळलो तो मोबाइलवर. साल 2014, मी दहावीत होतो. भुसावळहून घेतलेला जुना अँड्रॉइड फोन, काच एका कोपऱ्यात तडकलेली. एका मित्राने शाळेच्या मागे बसून त्यात एक इम्युलेटर आणि 32 एमबीची एक फाइल टाकली. हा मार्ग कायदेशीर नव्हता, हे आज कळतं. तेव्हा एवढंच कळत होतं, की गेमबॉय नावाचं यंत्र वरणगावात मी कुणाच्याही हातात पाहिलेलं नाही, आणि त्याच्यावरचा गेम माझ्या हातात आहे.

गेमचं नाव ‘किंगडम हार्ट्स: चेन ऑफ मेमरीज’. 2004 साली गेमबॉय अॅडव्हान्ससाठी आलेला. दिग्दर्शक तेत्सुया नोमुरा, कंपनी स्क्वेअर एनिक्स. सोरा नावाचा मुलगा, हातात किल्लीच्या आकाराची तलवार, सोबत डोनाल्ड डक आणि गूफी. तिघं एका पांढऱ्या किल्ल्यात शिरतात. एकेक मजला चढत जातात, आणि प्रत्येक मजल्यावर सोरा काहीतरी विसरत जातो.

सोरा धावतो, उडी मारतो, पण तलवार चालवायची तर पत्ता टाकावा लागतो. जादू करायची तर पत्ता, मित्राला हाक मारायची तर पत्ता, पुढची खोली उघडायची तरी पत्ता. प्रत्येक पत्त्यावर 0 ते 9 मधला एक आकडा. समोरच्याने 5 टाकला आणि तुम्ही 7 टाकलात, तर त्याचा वार मोडतो. दोन्ही सारखे निघाले, तर दोन्ही रद्द. पत्ते संपले की पुन्हा भरायला वेळ जातो, आणि तेवढ्यात मार बसतो. तीन पत्ते एकत्र टाकले की मोठा डाव होतो, पण त्यातला पहिला पत्ता त्या लढाईपुरता गेला.

आणि शून्य. शून्य नंतर टाकलं, तर समोरचा कोणताही पत्ता मोडतो, अगदी नऊसुद्धा. पण शून्य आधी टाकलं, तर त्याला कुणीही मोडतं. मी सुरुवातीला माझ्या जोडातून शून्यं काढून टाकायचो. आठव्या-नवव्यांदा हरल्यावर ती परत आणली.

एका रात्री सेकंड शिफ्टहून आलेले वडील पाठीमागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

“पत्ते खेळून राह्यला?”

“नाही पप्पा, गेम आहे. लढाईचा.”

“तो सात आहे. त्याच्यावर त्यानं नऊ टाकला.” त्यांनी फोन हातातून घेतला आणि कपाटावर ठेवला. “हे पत्तेच आहेत.”

फोन महिनाभर तिथेच होता. त्या महिन्यात मला राग आला, तो वडिलांपेक्षा गेमवाल्यांचा. त्यांना तलवारीच्या लढाईत पत्ते कशाला आणायचे होते? फोन परत मिळाल्यावर मी शोधायला लागलो. ते शोधणं अजून संपलेलं नाही.

पहिली गोष्ट सापडली ती अशी. गेमबॉय बनवणारी निन्टेन्डो ही कंपनी 1889 साली क्योटोमध्ये सुरू झाली, आणि ती सुरू झाली पत्ते बनवायला. फुसाजिरो यामाउची नावाचे कारागीर ‘हानाफुदा’ पत्ते तयार करायचे. हानाफुदा म्हणजे फुलांचे पत्ते. एका जोडात 48, वर्षाच्या बारा महिन्यांची बारा फुलझाडं, प्रत्येकाची चार पानं. आणि एकाही पानावर आकडा नाही.

आकडा का नाही, ही गोष्ट आणखी जुनी. जपानमध्ये पत्ते नेले पोर्तुगीजांनी. ते 1543 साली तिथे पोचले. आपल्याकडे गोवा त्यांनी त्याआधीच, 1510 मध्ये घेतलं होतं. पत्त्यांसाठी जपानी भाषेत ‘कारुता’ हा शब्द आहे, तो पोर्तुगीज ‘कार्ता’वरून आलेला. पत्ते आले तसा जुगार आला, आणि जुगारामागून सरकारी बंदी आली. एका प्रकारच्या पत्त्यांवर बंदी आली, की लोक चित्रं बदलून दुसरा प्रकार काढायचे. मग त्याच्यावरही बंदी यायची. असं होत होत पत्त्यांवर फुलं उमलली. फुलांकडे बघून कोण म्हणेल की हा जुगार आहे? खेळणाऱ्यांना मात्र कोणतं फूल किती मोलाचं, हे तोंडपाठ असायचं.

हे वाचून मला आमचं घर आठवलं. मी पाचवीत असताना शेजारच्या मुलाकडे डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं होती. नव्वदच्या दशकात ती देशभरातल्या पोरांच्या दप्तरात होती, आमच्यापर्यंत उशिरा आली. पत्त्यावर पैलवानाचा फोटो, खाली उंची, वजन, छाती, किती लढती खेळला, किती जिंकला. वडिलांनी ती पाहिली आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या हिशोबात ते पत्ते नव्हते, पैलवान होते. गंमत म्हणजे त्यातही एक उलटा नियम होता. वजन-उंचीत मोठा आकडा जिंकायचा, पण ‘रँक’ पुकारली की 1 नंबरवाला जिंकायचा आणि तिशीतला पडायचा. काय पुकारलंय, त्यावर पत्त्याची किंमत ठरायची.

यापुढचं मला सापडलं ते जपानात नाही, आपल्या सावंतवाडीत. कॉलेजात असताना मित्राच्या गावी कोकणात गेलो होतो. तिथल्या राजवाड्यात कारागीर बसून गोल पत्ते रंगवत होते. गंजिफा. हातात घेतला तर बिस्किटाएवढा, लाखेची चकाकी असलेला.

गंजिफा आपल्याकडे आल्या इराणकडून. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या काळातल्या गंजिफांचं वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केलंय. मुघल जोड 96 पानांचा, आठ रंगांचा. इकडे त्याचा दशावतारी जोड झाला. मत्स्य, कूर्म, वराहापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. एकूण 120. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला चाळीस पानं. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराकडून ती शिकून घेतली आणि पुन्हा उभी केली. म्हणून मला ती बघायला मिळाली.

तिथे मी नियम विचारले आणि गप्पच झालो. दहापैकी पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दहा मोठा आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाच रंगांत बरोबर उलटं, एक्का मोठा आणि दहा सगळ्यात लहान. शिवाय डाव दिवसा मांडला, तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करणार. रात्री मांडला, तर कृष्णाच्या राजाचा मान. तोच पत्ता, पण सूर्य मावळला की त्याचा मान दुसऱ्याकडे.

माझा शून्याचा पत्ता मला तिथे सापडला. जपानी लोकांनी गंजिफा पाहून गेम बनवला, असं मी अजिबात म्हणत नाही. म्हणायचंय ते एवढंच. पत्ता स्वतः मोठा किंवा लहान नसतो. कोणत्या डावात, कुणाच्या नंतर आणि कोणत्या वेळी तो पडतो, त्यावर सगळं असतं. हे शेकडो वर्षांपासून पत्ते खेळणाऱ्यांना ठाऊक आहे.

मग वडिलांची बंदी चुकीची होती का? मला तसं वाटत नाही. त्या गेममध्ये सोराची कथा संपली की रिकूची सुरू होते. सोराला आपला जोड स्वतः लावता येतो, नको ते पत्ते काढता येतात. रिकूला येत नाही. प्रत्येक ठिकाणी त्याला ठरलेला जोड मिळतो आणि त्यावरच लढायचं असतं. आजोबांची गत रिकूसारखी होती. वाटून आलेली तीन पानं, आणि बदलायला काही नाही. फरक एवढाच, की रिकू हरला तर मी पुन्हा सुरू करायचो. बैलजोडी पुन्हा सुरू होत नाही.

त्या रात्री आजोबांच्या हातात काय होतं, हे मी वडिलांना एकदाच विचारलं. आखाजी होती, गल्लीत डाव बसले होते, आणि आम्ही दोघं ओट्यावर. ते म्हणाले, “पानं चांगली होती त्यांची. वाईट असती तर उठले असते.”

यावर मला आजवर काही बोलता आलेलं नाही.

सावंतवाडीहून येताना मी गंजिफांचा पूर्ण जोड घेऊ शकलो नाही, तेवढे पैसे नव्हते. एक सुटं पान घेतलं, रामाचा राजा. घरी येऊन आईच्या हातात दिलं. तिने उलटंसुलटं करून पाहिलं, डोक्याला लावलं आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवलं. ते काय आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तोवर तिने कुंकू लावलंसुद्धा.

वडील रोज अंघोळ करून देव्हाऱ्यासमोर उभे राहतात. चार-पाच दिवसांनी त्यांनी मला बोलावलं आणि बोटाने ते गोल पान दाखवलं.

“हा पत्ता आहे ना रे?”

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी त्या पानाकडे जरा वेळ बघितलं. मग उदबत्ती लावली आणि नेहमीसारखे हात जोडले. पान अजून तिथेच आहे.