आपला असुर कोणता?

आपल्या स्वभावाचे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची हौस मनुष्याला फार जुनी आहे. हल्ली ती एका नव्या खेळाने भागवली जाते. पाचदहा प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि ॲनिमेशनपटांतील कोणता राक्षस आपल्या स्वभावाशी जुळतो ते जाणून घ्यावे, असा हा खेळ. २००१ सालच्या 'मॉन्स्टर्स, इंक' या अमेरिकन चित्रपटातील राक्षस त्यात बहुधा भेटतात. हा चित्रपट सरकारी अथवा कारखानी नोकरीतील माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. त्यातले राक्षस पाळीवर जातात, मुलांना भिववून त्यांच्या किंकाळ्यांतून शहरासाठी वीज मिळवतात आणि कामाचे कागद वेळेवर न दिल्यास रोझ नावाच्या बाईची बोलणी खातात. ही रोझ आपल्यापैकी प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या कचेरीत भेटलेली आहे. आपण स्वतःच ती आहोत की काय, एवढीच शंका घ्यावयाची!

परंतु हा खेळ आपल्याकडे नवा नाही. पत्रिका जुळवताना सत्तावीस नक्षत्रांची तीन गणांत वाटणी होते: देव, मनुष्य आणि राक्षस. कृत्तिका, आश्लेषा, मघा, चित्रा, विशाखा, ज्येष्ठा, मूळ, धनिष्ठा आणि शततारका ही नऊ नक्षत्रे राक्षसगणाची. छत्तीस गुणांपैकी सहा गुण या एका गणमेळाचे. येथे प्रश्न कोणी विचारीत नाही. जन्मवेळ सांगितली की उत्तर तयार. मुलगी किती समजूतदार आहे हे न पाहता 'राक्षसगण' एवढ्या एका शब्दावर स्थळे परत गेली आहेत. आजचा खेळ निदान उत्तर देणाऱ्याच्या आवडीनिवडी तरी विचारतो.

जन्मावरून राक्षस ठरवण्याच्या या पद्धतीशेजारीच आपल्या परंपरेत दुसरी एक पद्धत नांदत होती. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची लक्षणे दिली आहेत ती दंभ, दर्प, क्रोध, कठोरपणा अशी. त्यांत नक्षत्र कोठेही नाही. रामायणातील लंकेत तर एकाच कुळात किती स्वभाव आहेत! सीताहरण अनुचित होते असे कुंभकर्ण रावणाला तोंडावर सांगतो आणि तरीही त्याच्याच बाजूने लढून मरतो. बिभीषण तेच सांगतो आणि लंका सोडतो. मारीच परिणाम पुरते ओळखून असतो, पण प्राणभयाने सोन्याचा मृग होतो. वरिष्ठांची चूक कळल्यावर काय करावे, या प्रश्नाची ही तीन उत्तरे होत. नोकरीत आयुष्य घालवलेल्या वाचकाने आपण यांपैकी कोण, हे एकान्तात स्वतःस विचारून पाहावे. गमतीच्या प्रश्नावलीपेक्षा ही परीक्षा अवघड आहे.

लोककलांनी या राक्षसांना घरचे केले. कोकणातल्या दशावतारात काळ्या वेषातील संकासुर येतो तो वेद चोरणारा खलपुरुष म्हणून. पण हसवतो तोच आणि पोरांना आवडतो तोही तोच. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानी जगभर नेली. पूर्वी पुरुषांचीच मानली गेलेली, उभ्याने गावयाची कापालिक शैली त्यांनी स्वीकारली. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई; एकाच कंठातून भीमही गर्जे आणि दुःशासनही. देव आणि असुर एकाच देहात कसे राहतात याचे याहून स्पष्ट दर्शन कोणते?

पडद्यावरील हलत्या चित्रांचा आपला इतिहासही लहान नाही. 'प्रभात'ने १९३४ सालीच 'जंबूकाका' हा व्यंगपट काढला. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगपट विभाग सुरू झाला. डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तेथे शिकलेल्या राम मोहन यांनी पुढे जपानी कलावंतांसमवेत रामायणावरील पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला. १९९२ सालच्या त्या चित्रपटात कुंभकर्ण पुन्हा जागा झाला. रेषेचे सामर्थ्य असे, की ती स्वभावालाच शरीर देते. लोभाचे पोट वाढते, मत्सराचा रंग पालटतो. म्हणूनच मुले या चित्रांत माणसे लवकर ओळखतात.

भिलाईत राहणाऱ्याला मात्र या विषयाचा आणखी एक पदर दिसतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तिचे खनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले. पण या प्रदेशात लोखंड त्यापूर्वीच गाळले जात होते. मैकल पर्वताच्या परिसरातील अगरिया लोक मातीच्या लहान भट्ट्या पेटवीत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्यांची दैवते कोणती? भट्टीचा लोहासुर, कोळशाचा कोयलासुर आणि अग्नीचा अग्यासुर! भट्टीवरील कर, जंगलाचे निर्बंध आणि कारखान्यांचे स्वस्त लोखंड यांनी त्यांचा धंदा बुडवला. झारखंडात तर 'असुर' याच नावाची, परंपरेने लोखंड गाळणारी जमात आहे. तिच्यातले काही जण महिषासुराला पूर्वज मानून दुर्गापूजेच्या दिवसांत शोक पाळतात. एकाचा राक्षस तो दुसऱ्याचा आजोबा, असा हा प्रकार.

येथे आपला खेळ गंभीर होतो. 'तू राक्षस' असे दुसऱ्याला म्हणणे सोपे. त्या शब्दाने मुलींची लग्ने अडली आणि रानातल्या कारागिरांकडे तुच्छतेने पाहिले गेले. 'माझ्यातला राक्षस कोणता' हे विचारणे कठीण, पण निरुपद्रवी, किंबहुना हितकारक. त्या अमेरिकन चित्रपटाचा शेवटही हेच सुचवतो: किंकाळीपेक्षा मुलांच्या हसण्यातून अधिक वीज निघते, हे राक्षसांनाच कळून येते. परप्रांतात अधिकाराच्या खुर्चीवर बसलेल्याने आपल्या हाताखालच्यांना भिववून काम घ्यावे की हसतमुखाने, याचे उत्तर त्यात आले. ज्या असुराच्या कृपेने भिलाईची चूल पेटली, त्या लोहासुराचे स्मरण ठेवून ते उत्तर आचरणात आणता आले, तर हा पोरखेळही कारणी लागला म्हणावयाचा.