हातभट्टीची काडतुसं

मराठीत बाटलीतलीही दारूच आणि बंदुकीतलीही दारूच. त्यामुळे अमेरिकेत लोक घरी बसून पिस्तुलाची काडतुसं भरतात हे मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा डोळ्यांसमोर हातभट्टीच आली. फरक इतकाच, की ही मंडळी दारू दुकानातूनच आणतात. वापरलेल्या पितळी पुंगळीत ती मोजून भरायची आणि वर गोळी बसवायची, एवढं काम घरचं.

यातला सगळ्यात हट्टी माणूस म्हणजे एल्मर कीथ. जन्म १८९९चा. आयडाहोतला गुराखी, शिकारी आणि मासिकांत लिहिणारा. कंपनीची काडतुसं त्याला मिळमिळीत वाटायची. एकदा त्यानं भरलेल्या काडतुसानं .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरचं सिलिंडरच फोडलं. दुसऱ्या कुणी छंद सोडला असता, यानं कॅलिबर बदललं. .४४ स्पेशलचं काडतूस जरा बारीक, म्हणजे सिलिंडरच्या खणांच्या भिंती तेवढ्या जाड राहतात. झालं, हिशेब जमला.

पण मुळात सिलिंडर फोडण्याइतकी दारू काडतुसात मावतेच कशी? .४५ कोल्ट १८७३चं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. तेव्हा पुंगळी जवळजवळ पूर्ण भरायची. चुकून दुप्पट भरायची म्हटली तरी मावणार नाही. १८८४मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यानं बिनधुराची दारू तयार केली. १८९८मध्ये अमेरिकेत पिस्तुलांसाठी ‘बुल्सआय’ नावाची दारू आली. ती चिमूटभर पुरते. पुंगळी मात्र जुन्याच मापाची ठेवावी लागली, कारण लोकांच्या घरातल्या बंदुका जुन्या होत्या. परिणामी पुंगळी अर्ध्याहून जास्त रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेत दुसरं माप निमूटपणे मावतं. काही एरर येत नाही. आमच्या धंद्यात याला ‘लेगसी’ म्हणतात.

आता कंपनीची पद्धत बघा. कारखान्यात दारू मोठ्या लॉटमध्ये येते. एक लॉट आधीच्यापेक्षा किंचित वेगानं जळतो, पुढचा किंचित सावकाश. प्रयोगशाळेत चाचणीच्या नळीतून गोळ्या झाडून दाब मोजतात आणि त्या लॉटपुरतं प्रमाण ठरवतात. कीथच्या काळी हा दाब मोजायची रीत मला फार आवडते: नळीला जोडलेला तांब्याचा छोटा तुकडा किती चेपला गेला ते बघायचं.

घरी भरणाऱ्याकडे असलं काही नाही. त्याच्याकडे वजनकाटा आणि छापील तक्ता. म्हणून त्याच्या डब्यातली दारू वेगवेगळे लॉट मिसळून अशी जुळवतात, की तक्त्यातला आकडा या डब्याला लागू पडला तर पुढच्या डब्यालाही पडावा. म्हणजे कंपनी दारूप्रमाणे आकडा बदलते. घरच्यासाठी आकड्याप्रमाणे दारू जुळवली जाते. कंपनीचं काडतूस उकलून, आतली दारू तोलून, ‘तशीच दिसणारी’ दारू तेवढीच भरणं धोक्याचं ठरतं ते यामुळेच. दिसायला सारखे दोन कण जळतात अगदी वेगळे.

कीथला हर्क्युलीस कंपनीची ‘२४००’ ही सावकाश जळणारी दारू सापडली आणि .४४ स्पेशलमधून त्याला हवा तो जोर मिळाला. मग तो वर्षानुवर्षं लिहीत राहिला, की कंपन्यांनी असं काडतूस विकायला काढावं. कंपन्या बधल्या नाहीत. भेकड म्हणून त्यानं त्यांना नावं ठेवली. पण खोका विकला की तो कुणाच्या हातात जाईल हे कंपनीला कुठे ठाऊक असतं? .४४ स्पेशल १९०७-०८पासून बाजारात होतं. कुणाच्या तरी कपाटात आजोबांचं सैल झालेलं रिव्हॉल्व्हर असणारच. कीथला फक्त स्वतःची बंदूक सांभाळायची होती, कंपनीला जगातली सगळ्यात कमकुवत.

मी पाच वर्षं जुनी सिस्टीम सांभाळली आहे. माझी सहानुभूती कंपनीकडे आहे. पण कीथसारखा एखादा टीममध्ये नसेल तर पुढचं व्हर्जन निघतच नाही, हेही मी पाहिलंय.

तोडगा निघाला तो पुंगळीच्या लांबीत. स्मिथ अँड वेसननं १९३५मध्ये .३८ स्पेशलची पुंगळी थोडी लांबवून .३५७ मॅग्नम आणलं होतं. तीच युक्ती १९५५च्या अखेरीस रेमिंग्टनबरोबर पुन्हा केली: पुंगळी साधारण ३ मिलिमीटरनं लांब, आणि .४४ मॅग्नम तयार. ते ३ मिलिमीटर दारूला जागा व्हावी म्हणून नव्हते. जागा होतीच की. नवं काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये, यासाठी ते होते. उलट .४४ स्पेशल मात्र नव्या बंदुकीत बिनधास्त चालतं. कागदी इशारा कोण वाचतो? इथे इशारा पितळेतच घडवला होता.

पुढे १९७१च्या ‘डर्टी हॅरी’नं ही बंदूक जगभर गाजवली. १९५६च्या सुरुवातीलाच तिचा एक नग आयडाहोत कीथच्या हाती पोचला होता. तीस वर्षांचा हट्ट पुरा झाला, आता कंपनीच त्याच्या जोराची काडतुसं खोक्यातून विकत होती. कीथनं नव्या बंदुकीसाठीही स्वतःच काडतुसं भरायला घेतली, २४०० दारू आणि स्वतः आखलेली गोळी वापरून.