हातात नसलेला माल

धार जिल्ह्यातल्या गंधवानीच्या एखाद्या सरकारी शाळेतल्या मास्तरांनी ठरवलं, की अमुक कंपनीचा शेअर आता आपटणार, आधी विकून टाकू, पडला की खालच्या भावात घेऊ, नि हे सगळं पेन्शनच्या खात्यातून करू. तर त्यांना तशी खिडकीच सापडणार नाही. मध्य प्रदेशात 1 जानेवारी 2005 पासून नोकरीला लागलेल्यांसाठी नवी पेन्शन योजना आली. तिच्या खात्यात फार तर शेअरमध्ये किती टक्के आणि रोख्यांत किती, एवढं निवडता येतं. कोणता शेअर, हे मास्तरांच्या हाती नाही. मग मंदी कुठून करणार?

पण 'जे जवळ नाही ते विकू नये' हा नियम काही पेन्शनवाल्यांनी शोधलेला नाही. त्याचं मूळ जुनं आहे, आणि मूळ शोधताना धार-देवासचा मुलूख वाटेतच लागतो. हा माळवा, पवारांची संस्थानं, आणि एके काळी अफूचं आगर. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई. त्यामुळे अफूचा भाव हा मुंबईच्या पेढ्यांवर रोजच्या बोलण्याचा विषय. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात सरासरी भाव काय निघेल, यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावत. अफूची एक पेटीही हलायची नाही. भावातला फरक तेवढा एकाने दुसऱ्याला द्यायचा. अशाच एका पैजेचं भांडण रामलाल ठाकूरसीदास यांच्या नावाने थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. 1848 मध्ये निकाल लागला, की पैज वसूल करता येते. निकाल देणाऱ्या लॉर्ड कॅम्पबेल यांनाच तो देताना वाईट वाटलं होतं. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरवले.

व्यापारी मात्र वायदा सोडणारे नव्हते. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळात शेअरांचं वेड शिगेला पोचलं, आणि 1 जुलै 1865 ला वायद्यांची मुदत भरली तेव्हा मुंबई धुऊन निघाली. त्याच वर्षी मुंबईने पैजांविरुद्ध स्वतःचा कायदा केला. 1872 च्या करार कायद्यात कलम 30 आलं. तेव्हापासून कोर्टाचा प्रश्न ठरून गेला: माल खरंच द्यायचा-घ्यायचा होता, की नुसता फरक? पहिलं असेल तर व्यापार, दुसरं असेल तर सट्टा.

बाजाराने या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणजे बदला. सौदा पुरा करायचा नसेल तर पुढच्या पाळीवर ढकलायचा आणि त्याचे पैसे मोजायचे. सहसा हे पैसे तेजीवाला, म्हणजे भाव चढेल म्हणून घेणारा, देई. पण मंदीवाल्यांनी इतकं विकलेलं असे की शेअरच मिळेनात, अशी वेळ आली की उलट होई: मंदीवालाच तेजीवाल्याला पैसे देई. याला दलाल 'उंधा बदला' म्हणत. उसना माल हवा तर भाडं द्या, हा साधा हिशेब त्यात होता. माझ्या मते आजच्या शेअर उसनवारीचा खरा पूर्वज हाच. सरकारने 1969 मध्ये शेअरचे वायदे बंद केले, पण बदला वेगवेगळ्या वाटांनी परत येत राहिला; अखेर जुलै 2001 मध्ये सेबीने तो मोडीत काढला. त्याच वर्षी मार्चमध्ये शॉर्ट सेलिंगही, म्हणजे हातात नसलेला शेअर विकणंही, बंद झालं होतं. पुढे एप्रिल 2008 पासून रीतसर शेअर उसने घेऊन विकण्याची सोय झाली, आणि मोठ्या संस्थांनाही ती खुली झाली. आपल्याकडे मुख्य अट ही उरली: विकलेला शेअर वेळेवर द्या, तो कुठूनही आणा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हीच गाठ वेगळ्या जागी लागते. तिथलं निवृत्ती खातं, 'आयआरए', 1974 च्या कायद्याने आलं. त्या खात्यात शेअर हवे तितके निवडा, पण शॉर्ट नाही. कायद्यात 'मंदी करू नका' असं कुठेच लिहिलेलं नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. शॉर्ट करायचं तर शेअर उसना घ्यावा लागतो, त्यासाठी मार्जिन खातं लागतं, आणि मार्जिन म्हणजे कर्ज. निवृत्तीचं खातं कर्जाला तारण ठेवलं, तर तेवढी रक्कम त्या वर्षी काढून घेतली असं धरून कर लागतो. कायद्याने खातेदाराला मनाई केलेला 'निषिद्ध व्यवहार' खात्यात घडला, तर त्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून सगळं खातंच निवृत्ती खातं राहत नाही. म्हणून तिथले लोक पुट ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क, विकत घेतात: भरलेल्या पैशांपलीकडे तोटा नाही. शॉर्टमध्ये मात्र 100 ला विकलेला शेअर 300 ला गेला, तर 200 घरातून आणायचे.

गंमत अशी, की मंदीवाल्याला शेअर उसना देणारे कोण, हे पाहिलं तर जगभर मोठमोठे पेन्शन फंडच भेटतात. जपानच्या सरकारी पेन्शन फंडाने मात्र परदेशी शेअर असे उसने देणं 2019 च्या डिसेंबरात थांबवलं.